चौकीतला ओव्याचा ढग

डाव्या डोळ्यावर हिरवी पट्टी बांधलेले कोंडाजीमामा जावयाच्या फ्लॅटमध्ये आले, चप्पल काढली, तांब्याभर पाणी प्यायले आणि सरळ गॅलरीत जाऊन त्यांनी बिडी पेटवली. मुलीनं, प्रतिभानं, हातातलं पातेलं ओट्यावर असं आपटलं की वरच्या मजल्यावरच्या, सोसायटीच्या सेक्रेटरीबाईंनी ठोकून विचारलं, काय झालं म्हणून.

"नाना, आत्ताच मोतीबिंदू काढलाय. डोळ्याला धूर नको म्हणून दवाखान्यात बजावून सांगितलंय. बिडी सोडा."

"सोडतो की," म्हणत कोंडाजीमामांनी धूर सोडला.

लासलगावजवळच्या मळ्यात त्यांना असं बोलणारं कोणी नव्हतं. तिथं नुसता कांदा हातात घेऊन वरची साल चोळली की हा माल साठवणीच्या चाळीत किती टिकेल हे ते सांगत, आणि व्यापारी त्यावर विश्वास ठेवत. इथं नाशकात मात्र त्यांना डोळ्यात थेंब टाकून घ्यायला मुलीच्या मागे मागे फिरावं लागत होतं. त्या अपमानावर उतारा म्हणून ते आणखी एक बिडी ओढत.

हा सगळा प्रकार त्यांचे जावई धनराज बोरस्ते, म्हणजे सगळ्यांचे धनराव, पेपरच्या आडून पाहत होते. धनराज एका विमा कंपनीच्या कार्यालयात होते. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण सासरे आणि जावई यांच्यातलं संभाषण कधी एका ओळीच्या पुढे गेलं नव्हतं. कोंडाजीमामा विचारत, "काय पाव्हणं, बरं हाय ना?" धनराज म्हणत, "हो मामा." मग दोघंही समोरच्या भिंतीकडे बघत बसत. मामांना हातानं काही करणारा माणूस आवडे. मोटार दुरुस्त करणारा, विहिरीत उतरणारा, निदान ट्रॅक्टर मागे घेता येणारा. विम्याचा कागद हा त्यांच्या लेखी काम या सदरात मोडतच नव्हता.

आणि इथंच धनरावांच्या मनात ती कल्पना आली.

धनरावांचा एक भूतकाळ होता. ई-सिगारेटवर बंदी येण्याआधी, सिगारेट सोडायची म्हणून त्यांनी तसलं एक यंत्र बाळगलं होतं, आणि सिगारेट सुटायच्या आतच त्या यंत्राचं वेड लागलं होतं. विजेनं तापणारी नायक्रोमची तार स्क्रूड्रायव्हरवर गुंडाळून कॉइल कशी करायची, तिच्यात कापूस कसा ओवायचा, तांब्याच्या नळीतून वीज कमीत कमी अडथळ्यानं वर कशी आणायची, यावर ते तासन् तास बोलू शकत. ऐकणारं कोणी नव्हतं हा भाग वेगळा. कायदा आला, त्याच दिवशी प्रतिभानं यंत्र केराच्या गाडीत टाकलं. तारेचं रीळ मात्र राहिलं. ते शिलाईच्या डब्यात, रुपेरी धाग्याच्या रिळांमध्ये, सभ्यपणे दिवस काढत होतं.

"मामांसाठी एक यंत्र करतो," धनरावांनी जेवताना जाहीर केलं. "तंबाखू नाही, निकोटीन नाही. नुसती ओव्याची वाफ. तोंडाला चाळा मिळेल, बिडी सुटेल."

"धूर नको सांगितलंय, आणि तुम्ही मशीन लावून धूर काढणार?" प्रतिभा म्हणाली.

"हा धूर नाही. ही वाफ आहे."

"बाहेरून दिसते कशी?"

"धुरासारखी."

कोंडाजीमामांनी भाकरीचा घास हातात तसाच ठेवून उघड्या डोळ्यानं जावयाकडे बघितलं. "तुम्ही करणार? हातानं?"

त्या 'हातानं' या शब्दात जी शंका होती, ती धनरावांच्या जिव्हारी लागली. दुसऱ्याच दिवशी ते ऑफिस सुटल्यावर शालिमारच्या बाजारात गेले आणि एसी दुरुस्त करणाऱ्याकडून तांब्याच्या नळीचा तुकडा घेऊन आले. जुन्या लॅपटॉपच्या बॅटरीतला एक सेल घरातच मिळाला. तो नळीत असा चपखल बसला की धनरावांना गहिवरून आलं. ओव्याचा अर्क घरात होताच. उरलं वाफेसाठी लागणारं ग्लिसरीन. औषधाच्या दुकानात माणसानं विचारलं, "बाहेरून लावायचंय की पोटात घ्यायचंय?" धनराव म्हणाले, "ओढायचंय." त्यानंतर त्या दुकानात त्यांच्याकडे सगळे वेगळ्याच नजरेनं बघू लागले.

वातीसाठी जपानहून येणारा खास कापूस लागतो, असं धनरावांना त्या काळात कोणीतरी शिकवलं होतं. पण प्रतिभानं वळून ठेवलेल्या फुलवाती समोरच होत्या. त्यातल्या दोन त्यांनी उचलल्या. देवाचाच कापूस, म्हणजे शुद्धतेचा प्रश्न मिटला.

रविवारी सकाळी पहिला प्रयोग झाला. कोंडाजीमामा खुर्चीत ताठ बसले. धनरावांनी तळाचं बटण दाबलं. कॉइल लाल झाली, वात भुर्रकन पेटली आणि नळीच्या तोंडातून चांगली वीतभर ज्योत निघाली. मामांनी तत्परतेनं खिशातली बिडी काढली आणि त्या ज्योतीवर पेटवून घेतली.

"बेस हाय," ते म्हणाले. "काडीपेटी वाचली."

स्वयंपाकघरातून प्रतिभाचं हसू ऐकू आलं. धनरावांनी यंत्र रुमालात गुंडाळलं आणि आत जाऊन ते पुन्हा सगळं उघडून बसले.

चूक साधी होती. ग्लिसरीन घालायचं राहून गेलं होतं. पण संध्याकाळी ग्लिसरीन घातलं तर दुसरंच दुखणं निघालं. कॉइल धड तापेना. बटण दाबलं की कधी कोमट व्हायची, कधी ढिम्म. अशा वेळी सज्जन माणसानं प्रयोग आवरता घ्यावा. धनराव समोरच्या दारी गेले.

तिथं गायधनीकाका राहत. सगळी नोकरी वीज मंडळात काढून ते निवृत्त झाले होते, आणि तेव्हापासून कोणी विजेबद्दल काही विचारेल म्हणून दार उघडं ठेवून बसत. त्यांनी चष्मा बदलला, नळी उजेडात धरली, आटे फिरवून पाहिले आणि निदान केलं.

"तुमची वीज वाटेत मरते आहे. सेल चांगला, तार चांगली, पण सांधा घाण. तांबं काळं पडलंय बघा. सांध्यात चांदी घाला. वीज वाहून नेण्यात चांदी एक नंबर, मग तांबं, मग सोनं. लोकांना उलटं वाटतं."

"चांदी कुठून आणू?"

"घरात बायको आहे ना?"

धनराव घरी आले. प्रतिभा पाय लांब करून मोबाइल बघत होती. तिच्या पायातल्या पैंजणांकडे त्यांची नजर गेली, क्षणभर रेंगाळली आणि जिवाच्या भीतीनं परतली. मग त्यांना फ्रिजमधली काजूकतली आठवली. तिच्यावर चांदीचा वर्ख होता! रात्रीच्या जेवणाआधी त्यांनी चाकूच्या टोकानं काजूकतलीवरचा वर्ख अलगद सोडवला आणि नळीच्या आट्यांवर थापून बसवला. वर्खाला थोडी साखर आली. पण विज्ञानात एवढं तेवढं चालायचं, असं त्यांना वाटलं.

आणि यंत्र चाललं! बटण दाबताच ओव्याची पांढरीशुभ्र वाफ निघाली. कोंडाजीमामांनी एक झुरका घेतला, दुसरा घेतला, आणि म्हणाले, "हं." मळ्यात नवी मोटार पहिल्यांदा पाणी ओढते तेव्हा ते असंच 'हं' म्हणत, हे धनरावांना ठाऊक होतं. त्यांना त्या रात्री शांत झोप लागली.

मुंग्यांना मात्र लागली नाही.

सकाळी मामांनी उठल्या उठल्या उशाखालचं यंत्र तोंडाला लावलं आणि पुढच्याच क्षणाला "आई गं!" अशी आरोळी ठोकली. वर्खाच्या साखरेला लागलेल्या लाल मुंग्यांपैकी एक त्यांच्या वरच्या ओठाला कडाडून चावली होती. न्याहारीपर्यंत ओठ जांभळासारखा टम्म फुगला. डोळ्याला पट्टी, ओठ सुजलेला, अशा अवस्थेत ते सोफ्यावर बसलेले असताना नेमकं लासलगावहून त्यांच्या भावकीतलं माणूस डोळा बघायला आलं. ते चहा न घेताच उठलं. दुपारी नवसाबाईंचा, म्हणजे सासूबाईंचा, मळ्यातून फोन आला.

"प्रतिभे, खरं सांग. जावयानं हात उचलला का गं तुझ्या बापावर?"

"आई, काहीतरीच काय! मुंगी चावली त्यांना."

"मुंगी? आन् डोळ्याची पट्टी तरी मोतीबिंदूचीच हाय ना?"

फोन स्पीकरवर होता. आपली पत आता निफाड तालुक्यातल्या किती घरांत घसरली असेल, याचा विचार करत धनराव चपला घालून खाली फिरायला गेले. परत आले ते चिंच घेऊन. त्यांनी नळी चिंचेनं घासली, वर्ख खरवडला, कॉइल नवी केली. नुसत्या ओव्याला मजा नाही, अशी मामांची तक्रार होती, म्हणून या खेपेला लवंगेचं तेलही घातलं. हे सगळं करायची आता काही गरज नव्हती. पण 'जावयाच्या यंत्रानं सासऱ्याचा ओठ सुजला' एवढ्यावर ही हकिकत थांबवणं त्यांना परवडणारं नव्हतं.

लवंग मामांना पसंत पडली. फार पसंत पडली. ते गॅलरीत बसून असे काही ढग सोडू लागले की वरच्या सेक्रेटरीबाईंच्या दोरीवरच्या साड्यांना ओव्या-लवंगेचा वास बसला. बाईंनी सोसायटीच्या ग्रुपवर लिहिलं, 'काही सभासदांच्या घरातून संशयास्पद धूर येत आहे. हा प्रकार थांबला नाही तर पोलिसांत कळवावे लागेल.' खाली सहा जणांनी पसंतीचे अंगठे टाकले. त्यात एक अंगठा गायधनीकाकांचा होता.

"तो चुकून लागला," काका म्हणाले. "पण आता ऐका माझं. त्यांनी तक्रार देण्याआधी तुम्हीच चौकीत जा. वस्तू दाखवा, औषधी आहे म्हणून सांगा आणि ना हरकत घेऊन या. सरकारी नोकरीत एवढं शिकलो. आधी पोहोचणाऱ्याचं म्हणणं ऐकून घेतात."

"अहो, पण बंदी आहे ना त्याच्यावर?" प्रतिभानं विचारलं.

"बंदी निकोटीनवर असणार," काका ठामपणे म्हणाले. त्यांनी कायदा वाचलेला नव्हता, पण आवाजावरून तो त्यांनीच लिहिला असावा असं वाटत होतं.

अशा रीतीनं शनिवारी सकाळी धनराज बोरस्ते इस्त्रीचा शर्ट घालून, यंत्र पिशवीत टाकून, स्वतःच्या पायांनी पोलीस चौकीत गेले. सोबत पुरावा म्हणून मामांना घेतलं होतं.

चौकीत एक हवालदार आणि टेबलामागे एक तरुण फौजदार मॅडम होत्या. धनरावांनी नमस्कार केला आणि पिशवीतून तांब्याची नळी काढून टेबलावर उभी ठेवली. नळीतून तारेचं एक टोक बाहेर आलेलं होतं.

हवालदाराची खुर्ची करकरली. तो उठून भिंतीला टेकला. "मॅडम, मागं सरका."

"बॉम्ब नाही हो!" धनराव घाईनं म्हणाले आणि नळीला हात घालायला गेले.

"हात लावू नका!" मॅडम आणि हवालदार एकदम ओरडले. धनरावांनी दोन्ही हात वर केले. विमा कार्यालयातल्या माणसानं इस्त्रीच्या शर्टात, भर चौकीत, हात वर करून उभं राहावं! रस्त्यावरून जाणाऱ्या ओळखीच्या दूधवाल्यानं आत डोकावून पाहिलं आणि सायकलचा वेग वाढवला.

यातून वाट काढली ती कोंडाजीमामांनी. ते शांतपणे पुढे झाले, नळी उचलली, बुड मोकळं करून सेल तळहातावर घेतला आणि दाखवला.

"ताई, ही कांद्याच्या चाळीतली धुरीची नळी हाय. कांद्याला कीड लागली का वाफ द्यायची. आमच्या जावयानं केली."

धनराव थक्क होऊन ऐकत राहिले. मामा इतकं सफाईनं खोटं बोलू शकतात याची त्यांना कल्पना नव्हती. आणि 'आमच्या जावयानं केली' हे शब्द त्यांनी आयुष्यात पहिल्यांदाच ऐकले होते.

"कांद्याची?" मॅडम पुन्हा खुर्चीत बसल्या. "मी नांदगावची आहे, आमच्याकडेही चाळ आहे. अशी नळी कधी बघितली नाही. तोंडानं ओढायचं यंत्र तर नाही ना हे? ते बनवणं गुन्हा आहे. निकोटीन असो, नसो."

 समोरच्या दारातले गायधनीकाका धनरावांच्या डोळ्यांपुढे तरळून गेले.

"छ्या!" मामा म्हणाले. "आन् तसं बी सकाळपासनं बंदच पडली ती. बघा दाबून."

त्यांनी सेल आत घालून नळी पुढे केली. मॅडमनी बटण दाबलं. काही नाही. पुन्हा दाबलं. तरीही काही नाही. हवालदारानं भिंत सोडून जवळ येऊन अंगठ्यानं जोर लावला. नळी थंडगार.

"भंगार आहे हो हे," हवालदार म्हणाला. "चालतच नाही."

"न्या घरी," मॅडम हसून म्हणाल्या. "आणि जावईबापू, हे काम तुमचं नाही. जे नीट जमत नसेल त्याच्या वाटेला जाऊ नये."

संपलं होतं. दार उघडं होतं. मामांनी जावयाचा दंड धरून त्याला वळवलंही होतं. पण धनराव जागचे हलेनात. त्यांच्या कानात 'भंगार' हा शब्द घुमत होता. ज्योत, मुंगी, चिंच, सगळं सोसून उभं केलेलं यंत्र, आणि ते भंगार? तेही मामांच्या देखत?

"मॅडम," ते म्हणाले, "चालत नाही असं नाही. आट्यांवर मळ साचलाय. वीज अडते तिथं. थोडं आंबट काही मिळेल का?"

"पाव्हणं, चला," मामा दबक्या आवाजात म्हणाले.

"एक मिनिट, मामा."

चौकीच्या दारावर लिंबू-मिरची टांगलेली होती. सकाळीच बांधलेली, लिंबू रसरशीत. कोणी काही बोलायच्या आत धनरावांनी लिंबू ओढून काढलं, टेबलाच्या कडेवर फोडलं आणि तांब्याचे आटे त्यावर घासायला सुरुवात केली. तांबं नव्या नवरीसारखं उजळलं. मग रुमालानं पुसून, आटे आवळून, त्यांनी नळी तोंडाला लावली, बटण दाबलं आणि छाती भरून ओढलं.

यंत्र याआधी इतकं चांगलं कधीच चाललं नव्हतं. धनरावांच्या नाका-तोंडातून निघालेला ढग आधी टेबलावर पसरला, मग मॅडमच्या टोपीवरून गेला, मग पंख्यात सापडून चौकीभर झाला. हवालदाराला ओळीनं शिंका सुरू झाल्या. सगळीकडे ओवा आणि लवंग. क्षणभर कोणाला कोणी दिसेना.

ढगाच्या मधोमध धनरावांचा विजयी आवाज आला. "बघितलं? सांधा स्वच्छ असला की झालं!"

ढग विरळ झाला. मॅडम जागच्या जागी बसलेल्या दिसल्या.

"म्हणजे," त्या हळूच म्हणाल्या, "हे ओढायचं यंत्र आहे, आणि ते तुम्ही बनवलंय. तोंडानं कबुली दिलीत, नाकानंही दिलीत."

धनरावांचा चेहरा उतरला. आपण काय करून बसलो हे त्यांना आत्ता कळलं.  नोकरी, सोसायटी, प्रतिभा, नवसाबाईंचा फोन, सगळं एका रांगेत डोळ्यांपुढे येऊन उभं राहिलं.

तेवढ्यात कोंडाजीमामा खुर्ची ओढून मॅडमसमोर बसले. आता त्यांच्या आवाजात मघाची सफाई नव्हती.

"ताई, मघाशी मी खोटं बोललो. कांद्याचं काय नाय. मला बिडी लागते. ह्यानं ती सुटावी म्हणून हे केलं. बोटं भाजून घेतली, बघा त्याची बोटं. माझ्या पोरांनी बी माझ्यासाठी इतकं केलं नाय. काय लिहायचं ते माझ्या नावानं लिहा."

धनरावांनी बोटं पाठीमागे लपवली. त्यांना एकदम काहीच दिसेनासं झालं. लवंगेचं तेल डोळ्यांना झोंबत असावं.

मॅडमनी दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं. "विकलं कोणाला? आणखी कोणाला करून दिलं?"

"नाही, मॅडम. एवढं एकच."

"मग आत्ता, माझ्यासमोर, मोडा ते."

कॉइल उपटली गेली, सेल काढून वेगळा ठेवला गेला, आणि हवालदारानं बाहेरून दगड आणून नळी चपटी केली. शिंका आवरत तो प्रत्येक घाव अगदी मनापासून घालत होता. धनराव प्रत्येक घावाला डोळे मिटून घेत.

"बाबा, बिडी सोडायला सरकारी दवाखान्यात मदत मिळते. तिथं जा," मॅडम मामांना म्हणाल्या. मग धनरावांकडे वळल्या. "आणि तुम्ही. समोरच्या टपरीवरून लिंबू आणा. सात मिरच्या आणि एक लिंबू. ओवून दारावर टांगल्याशिवाय जायचं नाही."

शनिवारची वेळ, रस्ता भरलेला. इस्त्रीच्या शर्टातले धनराज बोरस्ते स्टुलावर चढून पोलीस चौकीच्या दारावर लिंबू-मिरची बांधत होते, आणि खाली स्टूल धरून उभ्या असलेल्या कोंडाजीमामांचे खांदे हलत होते. आधी धनरावांना वाटलं, म्हातारा रडतोय. स्टुलावरून वाकून पाहिलं तर मामा हसत होते. आवाज न करता, अजून थोडा सुजलेला ओठ दाताखाली धरून, पट्टीखालून पाणी गळेपर्यंत हसत होते.

"खदखदून हसून घ्या एकदाचं," धनराव वरून रागानं म्हणाले.

"सुटत होतो ना, पाव्हणं!" मामांना बोलता येईना. "दारात होतो! आन् तुम्ही... लिंबू!"

मग धनरावांनाही हसू आलं. इतकं, की स्टूल डगमगलं आणि आतून मॅडमना ओरडावं लागलं.

घरी काही सांगायचं नाही, असं दोघांचं रस्त्यात ठरलं. लिफ्टमधून बाहेर पडताच मामांनी गायधनीकाकांना सगळं सांगितलं, घरात शिरल्यावर प्रतिभाला सांगितलं, आणि मग फोन लावून नवसाबाईंना सांगितलं. त्या सांगण्यात ढग दर वेळी मोठा होत गेला. शेवटच्या खेपेला त्यात एक जीप दिसेनाशी झाली होती.

पट्टी निघेपर्यंत ते नाशकातच राहिले. संध्याकाळी गॅलरीत दोघांच्या खुर्च्या समोरासमोर असायच्या. मामा बिडी काढायचे, काडी ओढायचे, समोर जावई दिसायचा, आणि खांदे हलायला लागायचे. हसता हसता काडी विझायची. दुसरी काडी, पुन्हा तेच. शेवटी बिडी कानावर ठेवून ते कांद्याच्या गोष्टी सांगत बसायचे आणि धनराव त्यांना विजेच्या सांगायचे.

लासलगावला परत जायच्या आदल्या दिवशी नवसाबाईंचा फोन आला. प्रतिभानं स्पीकर लावला.

"बिडी कमी झाली म्हणं तुमची? कोणतं औषध दिलं? नाव सांगा, इथं दुकानात भेटंल का बघते."

"दुकानात नाय भेटायचं," कोंडाजीमामा म्हणाले. "जावयाकडं बघितलं का हसू येतं. आन् हसताना बिडी ओढता येत नाय."

 नवसाबाई पलीकडून अगदी गंभीर आवाजात म्हणाल्या, "मग त्यांचा एक फोटो घेऊन या. चांगला मोठा."

 थोड्या वेळानं धनराव उठले, आत गेले आणि इस्त्रीचा शर्ट घालून आले.